योगवर्गासाठी सांगाडा निवडताना

माझ्या सकाळच्या योगवर्गात येणारे बहुतेक जण साठीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे. निवृत्त शिक्षिका, वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून) आणि महावितरणमधून निवृत्त झालेले काका, नातवंडांना शाळेच्या बसमध्ये बसवून धावतपळत येणाऱ्या आज्या. नागपुरात योग घरोघरी पोहोचवण्यात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचा मोठा वाटा आहे. मीही पहिली आसनं त्याच परंपरेतल्या एका वर्गात शिकले. तिथे आम्हाला शिस्तीने, हळूहळू, शरीराचं ऐकत आसन करायला शिकवलं गेलं. आता मी शिकवते तेव्हा लोक आपल्या शरीराचं ऐकतात, पण सोबत एमआरआयचं पाकीटही घेऊन येतात.

"मॅडम, माझ्या एल-फोर एल-फाइव्हमध्ये गॅप आली आहे, पश्चिमोत्तानासन करू का?" "गुडघ्याची वाटी घासली म्हणतात डॉक्टर, वज्रासनात बसू की नको?" हे प्रश्न रोजचे आहेत आणि रास्त आहेत. मी तोंडी उत्तर देते, माणूस मान डोलावतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर तो मणका किंवा ती वाटी उभी राहिलेली नसते. मग दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा येतो. भिंतीवर तक्ता लावून पाहिला. तक्त्यावर हाडांची नावं कळतात, हालचाल कळत नाही. वक्रासनात कणा नेमका कुठून वळतो हे सपाट कागदावर कसं दाखवायचं? म्हणून वर्गासाठी सांगाडा घ्यायचं ठरवलं. तो लहानच हवा होता, कारण आमचा वर्ग एका देवळाच्या सभागृहात भरतो, तिथे माझ्या वाट्याला एक लोखंडी कपाट आहे, आणि ये-जा अॅक्टिव्हावर.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, कोणता घेऊ हे नंतर विचार. आधी त्याच्यावर काय काय दाखवायचं आहे ते लिहून काढ. आमच्या कॉलेजात सगळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकात काहीतरी दिसतं, काहीतरी दिसत नाही."

तिचं ऐकून वही घेऊन बसले. माझ्या वहीत सर्वांत वर आला पीळ, म्हणजे वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्रासन. त्याखाली पुढे वाकणं: वाक कमरेतून येतो की खुब्यातून, यावर माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांची पाठदुखी अवलंबून आहे. मग खुब्याचा सांधा, कारण पद्मासन जमत नाही म्हणून स्वतःला दोष देणारी माणसं मी रोज पाहते. हात वर नेताना पाठीवरचं फऱ्याचं हाड कसं सरकतं, हे चौथं. गुडघा पाचवा. मनगटाचा उल्लेख शेवटी होता, आणि तो लिहिताना मला माहीत होतं की लहान मॉडेलमध्ये मनगटाची आशा धरण्यात अर्थ नाही. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ हाडं एकट्या दोन हातांच्या पंजांत आणि दोन पावलांत असतात. लहान सांगाड्यात ती सगळी सुटी ओतणं कुणालाच परवडणारं नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन उंचीचे सांगाडे मिळतात. पूर्ण उंचीचा, १७० सेंटिमीटरच्या आसपासचा, चाकांच्या स्टँडवर उभा. निम्म्या उंचीचा, साधारण ८५ सेंटिमीटरचा. आणि टेबलावर ठेवायचा, साधारण ४५ सेंटिमीटरचा. पूर्ण उंचीचा माझ्यासाठी बादच होता. उरले दोन.

मेडिकल चौकाच्या बाजूला सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथून सुरुवात केली. पहिल्याच दुकानात काचेच्या कपाटात ४५ सेंटिमीटरचा सांगाडा होता. दुरून तो फार सुबक दिसतो. डॉक्टरांच्या टेबलावर, कुणाच्या अभ्यासिकेत ठेवायला तो छानच आहे, आणि किमतीलाही हलका. मी तो हातात घेऊन पाहायची परवानगी मागितली आणि काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली चष्मा लावून बसले.

कवटीचं वरचं झाकण निघत होतं, जबडा छोट्या स्प्रिंगवर हलत होता. हात-पाय खुंट्यांवरून काढता येत होते. पण कणा अख्खा एकाच साच्यातून आलेला होता. मणक्यांमधल्या चकत्या वेगळ्या नव्हत्या, मणक्यांच्या मधली खोबणच निळसर रंगवलेली. माणसाच्या कमरेच्या मणक्याचं धड साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद असतं. या मापात ते करंगळीच्या नखाएवढं होतं. मणक्यांच्या पाठीमागचे जे छोटे सांधे मला दाखवायचे होते, ते इथे नुसते उंचवटे होते. बाहूत खालची दोन हाडं एकमेकांना चिकटवलेली. तळहात पालथा करताना अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावर तिरकं जातं, ही किती सुंदर गोष्ट आहे, पण दोन्ही हाडं एकत्र ओतली की ती दाखवताच येत नाही. सर्वांत खालच्या दोन बरगड्या पुढून मोकळ्या असायला हव्यात, म्हणून तर त्यांना तरंगत्या म्हणतात. इथे त्या पुढच्या कूर्चेला नेऊन जोडल्या होत्या.

आणि मग पायांकडे लक्ष गेलं. नडगीच्या शेजारचं बारीक हाड पायाच्या बाहेरच्या बाजूला असतं. या सांगाड्यात ते दोन्ही पायांत आतल्या बाजूला होतं, आणि पायांचे अंगठे बाहेर. कुणीतरी डावा पाय उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता, आणि तो तसाच काचेत उभा होता. मी पाय काढून अदलाबदल करून बसवले.

दुकानदार हे सगळं कौतुकाने पाहत होते. म्हणाले, "ताई, शाळा-कॉलेजवाले तं डबाही उघडून नाही पाहत. तुम्ही तं मणकेच मोजून राहिल्या!"

मणके मी खरंच मोजत होते, आणि जो कुणी सांगाडा घ्यायला जाईल त्याने मोजावेत असं मला मनापासून वाटतं. मानेत सात, पाठीत बारा, कमरेत पाच. पाठीच्या प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. शेवटची बरगडी जिथे लागते तिथून खाली पाच सुटे मणके आणि मग त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड. मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि बनवणाऱ्याने किती काळजी घेतली आहे ते तेवढ्यात समजतं. मणके आणि बरगड्या चुकवणाऱ्याने बाकीचं बरोबर केलं असेल याची खात्री कशी धरायची?

त्या दुकानदारांनीच सांगितलं की त्यांचा माल अंबाल्याहून येतो. देशभरातल्या शाळांच्या प्रयोगशाळांचं बरंच सामान हरियाणातल्या अंबाल्यातच तयार होतं. तिथले कारखाने एकाच साच्याचा माल वेगवेगळ्या नावांनी विकायला देतात, त्यामुळे डब्यावरच्या नावापेक्षा डब्यातला नग पाहावा, हा त्यांचा सल्ला मला पुढे फार कामी आला. निम्म्या उंचीचा सांगाडा मात्र त्यांच्याकडे तयार नव्हता. "बोलावून देतो, पण बोलावला तर घ्यावाच लागेल," असं ते म्हणाले. न पाहता घ्यायची माझी तयारी नव्हती.

याच फिरण्यात एका ओळखीच्यांनी सुचवलं की एका डॉक्टरांच्या घरी जुना खरा बोन सेट पडून आहे, तो घेऊन टाका, स्वस्तात मिळेल. मी तो बघायलाही गेले नाही. खऱ्या हाडांइतकं शिकवणारं दुसरं काही नाही हे मला मान्य आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ती असायलाच हवीत; त्यासाठी देहदान करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. पण देहदान करणारा माणूस डॉक्टर घडवण्यासाठी देह देतो, माझ्या सभागृहातल्या कपाटासाठी नाही. शिवाय जुन्या हाडांचा इतिहास चांगला नाही. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत टांगलेले सांगाडे एके काळी मोठ्या प्रमाणावर भारतातून, मुख्यतः कोलकात्याहून जात असत. ती हाडं कुठून मिळवली जातात यावर गंभीर प्रश्न उभे राहिले, आणि १९८५ साली केंद्र सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. ती हाडं कुणाची, त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का, हे सांगणारा कागद अशा जुन्या संचासोबत सहसा नसतो. प्लास्टिकची हाडं किती का ढोबळ असेनात, ती माझ्या वर्गात निर्धास्तपणे ठेवता येतात.

पुढच्या रविवारी भाची सोबत आली आणि आम्ही धंतोलीत एका पुरवठादाराच्या गोदामात गेलो. तिथे निम्म्या उंचीचे दोन प्रकार शेजारी-शेजारी उभे होते, आणि खरी निवड त्या दोघांत झाली.

पहिला अगदी देखणा. अर्ध्या अंगावर स्नायूंच्या जागा रंगवलेल्या होत्या. स्नायू जिथून निघतो ती जागा लाल, जिथे जाऊन चिकटतो ती निळी. मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या नसा पिवळ्या, मानेतल्या धमन्या लाल. कण्यातून लवचीक सळई गेलेली, त्यामुळे तो हवा तसा वाकत होता. आणि कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्ये एक चकती मागे फुगवून लालभडक रंगवलेली, सरकलेली चकती दाखवायला. पुरवठादारांचं म्हणणं, योगा आणि फिजिओवाले हाच नेतात.

दुसरा साधा, रंग नाही, नसा फक्त पिवळ्या खुंट्यांएवढ्या. मणके सुटे ओतलेले, मध्ये रबरी चकत्या, आणि आत सळई. कणा हलत होता, पण थोडाच.

माझा पहिला कल अर्थातच पहिल्याकडे होता. भाचीने एकच गोष्ट करायला सांगितली. "मावशी, डाव्या हाताने त्रिकास्थी घट्ट धर आणि उजव्या हाताने फक्त कमरेचा पहिला मणका फिरव." मी फिरवला. ओला टॉवेल पिळावा तशी पहिल्या सांगाड्याची कंबर पिळली गेली. मणका जवळजवळ काटकोनात वळला आणि कुठेही काहीही अडलं नाही. दुसऱ्याला तसंच केलं तर थोडं वळून हाडाला हाड लागलं, आणि बोटांना तो अडसर स्पष्ट जाणवला.

खऱ्या कमरेत हेच होतं. कमरेच्या मणक्यांच्या मागे जे जोडसांधे असतात, त्यांचे पृष्ठभाग उभे आणि डावी-उजवीकडे एकमेकांकडे तोंड करून असतात. पुढे वाकायला, मागे झुकायला त्यांची आडकाठी नाही. पण वळायला लागलं की ते एकमेकांवर टेकतात. कमरेच्या प्रत्येक मणक्याच्या जोडीला जेमतेम दोनेक अंश वळण मिळतं. छातीमागच्या मणक्यांत हेच पृष्ठभाग पुढे-मागे तोंड करून बसलेले असतात, म्हणून तिथे वळण बरंच जास्त. आणि मानेच्या वळणातला जवळपास निम्मा वाटा सर्वांत वरच्या दोन मणक्यांचा असतो. म्हणजे अर्धमत्स्येंद्रासनात आपण जे "कंबर पिळा" म्हणतो, तो पीळ मुख्यतः छातीतून आणि मानेतून यायला हवा. ज्यांची छाती आखडलेली असते ते जोर लावून तो कमरेतून काढायला जातात, आणि दुखणं घेऊन घरी जातात.

आता विचार करा, सत्तरीच्या काकांसमोर मी तो पहिला सांगाडा धरला असता आणि त्याची कंबर काटकोनात पिळून दाखवली असती. मी तोंडाने "कंबर फार वळत नाही" म्हटलं असतं आणि माझ्या हातातला सांगाडा उलटच सांगत राहिला असता. लोक डोळ्यांवर विश्वास ठेवतात. न हलणारा सांगाडा फार तर काही सांगत नाही. नको तिथे हलणारा चुकीचं शिकवतो. खऱ्या शरीरात अस्थिबंध असतात, स्नायू असतात, ते हालचालीला आवर घालतात. प्लास्टिकला तो आवर नसतो, म्हणून जिथे हाडाचा आकार स्वतःच हालचाल रोखतो, तिथे तरी तो आकार नीट ओतलेला हवा.

ती लाल चकती हे दुसरं कारण. चकतीचं दुखणं बहुतेकांना कमरेच्या अगदी तळाशी होतं, चौथ्या-पाचव्या मणक्यांत किंवा पाचव्या मणक्याच्या आणि त्रिकास्थीच्या मध्ये. या सांगाड्यात ते त्याच्या वर दाखवलं होतं. पण जागेपेक्षाही मला त्या रंगाची चिंता वाटली. माझ्या वर्गात पाठीच्या भीतीने वाकणंच सोडून दिलेली माणसं आहेत. जमिनीवर पडलेली किल्ली उचलायला नातवाला हाक मारणारी. त्यांच्यासमोर रोज ती लाल फुगलेली चकती लटकत ठेवली तर प्रत्येकाला ती आपलीच वाटेल. त्यांना कण्यावर पुन्हा विश्वास बसावा म्हणून मी शिकवते. त्यांच्या मनात भीती घालणारं काही मला वर्गात नको होतं.

स्नायूंच्या रंगांचा मोह मात्र सोडवत नव्हता. भाचीला परीक्षेसाठी तो फार उपयोगाचा. तिने तसं बोलूनही दाखवलं. पण ८५ सेंटिमीटरच्या सांगाड्यावर तिसऱ्या रांगेतल्या चटईवरून लाल-निळे ठिपके दिसत नाहीत, आणि माझ्या लोकांना स्नायूचा उगम कुठे यापेक्षा आपली टाच का टेकत नाही हे कळायला हवं असतं.

मग दुसऱ्याचीच नीट तपासणी केली. मणके आणि बरगड्या बरोबर. तरंगत्या बरगड्या मोकळ्या. नडगीशेजारचं हाड बाहेरच्या बाजूला, आणि गुडघ्याच्या सांध्याच्या खालीच थांबलेलं, जसं ते असायला हवं. अग्रबाहूतली दोन हाडं वेगळी, कोपराशी एका स्क्रूवर फिरणारी. तळहात पालथा करून दाखवता येत होता. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत स्प्रिंगने बसवलेला, बऱ्यापैकी फिरत होता. मांडीच्या हाडाची मान साधारण सव्वाशे अंशांच्या कोनात हवी. मापायला काही नव्हतं, पण भाचीने डोळ्यांनी पाहून ठीक म्हटलं.

खांद्यात तो कमी पडतो. फऱ्याचं हाड बरगड्यांना स्क्रूने जखडलेलं आहे. हात कानापर्यंत १८० अंश वर जातो तेव्हा त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याचं हाड फिरल्यामुळे. लहान सांगाड्यात हे दाखवणारं मॉडेल मला कुठेही दिसलं नाही. त्याची मला फार खंत नाही, कारण ही गोष्ट जिवंत पाठीवर जास्त चांगली समजते. ताडासनात पुढच्या बाईच्या फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवायला सांगते आणि तिला हात वर न्यायला लावते. बोटाखालून हाड बाहेरच्या बाजूला निसटतं तेव्हा जे "अग्गोबाई" निघतं, ते कोणत्याही मॉडेलने निघणार नाही.

स्टँडचाही विचार करावा लागतो. काही सांगाडे कवटीच्या कडीला टांगलेले असतात, काहींच्या कटिरात, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यात, खालून दांडा घुसवलेला असतो. दांडा पक्का असेल तर कटिर पुढे-मागे कलून दाखवता येत नाही, आणि पुढे वाकण्याचा सगळा खेळ तर तिथेच आहे. माझ्या निवडीचा दांडा एका स्क्रूने सुटतो. सांगाडा काढून हातात घेता येतो, हे पाहूनच पैसे दिले. ४५ सेंटिमीटरवाल्याच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त पडले. खोकं अॅक्टिव्हाच्या पुढच्या जागेत उभं बसलं आणि भाची मागे.

वर्गात तो पहिल्या दिवशी काढला तेव्हा पांढऱ्या ओढणीत गुंडाळून आणला होता. सभागृह देवळाचं, त्यामुळे विश्वस्तांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की गाभाऱ्याच्या दिशेने तो उभा करू नका, आणि मला ते योग्यच वाटलं. ओढणी काढल्यावर पहिल्या रांगेतल्या आजी दचकल्या. "बाप्पा! काहो मॅडम, हे खऱ्या माणसाचं तं नाही ना?" त्यांच्या हातातच दिला. प्लास्टिकचा हलकेपणा हाताला लागल्यावर त्या निवांत झाल्या, आणि मग त्यांनीच त्याच्या माकडहाडावर बोट ठेवून विचारलं, "पडले होते तेव्हा हेच दुखलं होतं का?" हेच होतं.

त्या दिवशी मी आसनं कमी घेतली. त्रिकास्थी एका काकांना धरायला दिली, कमरेचा मणका दुसऱ्यांना फिरवायला सांगितला. अडलं. मग छातीच्या भागात फिरवायला सांगितलं, फिरलं. त्यानंतर सगळ्यांना वक्रासनात बसवलं आणि कंबर ताठ, स्थिर ठेवून छाती वळवायला सांगितली. वेकोलिवाले काका, जे वर्षभर दात-ओठ खाऊन पीळ घालत आले होते, ते त्या दिवशी पूर्वीपेक्षा कमी वळले आणि म्हणाले, "मॅडम, आज श्वास अडकला नाही." मला त्यांच्याकडून हेच हवं होतं.

मांडीच्या हाडाची मान दाखवतानाही असंच झालं. म्हातारपणी "खुब्याचं हाड मोडलं" म्हणतात ते बहुधा याच अरुंद जागी किंवा तिच्या लगेच खाली मोडतं. ती मान बोटांच्या चिमटीत धरून पाहिल्यापासून वृक्षासनात भिंतीचा आधार घ्यायला कुणी लाजत नाही.

वर्गात बायका जास्त आहेत, आणि कटिराबद्दल त्यांचे प्रश्न आले तेव्हा सांगाड्याची आणखी एक मर्यादा समोर आली. बाजारातले बहुतेक सांगाडे पुरुषाचे असतात, माझाही आहे. कटिराच्या पुढच्या जोडाखाली जो कोन होतो तो पुरुषात अरुंद, बाईच्या कटिरात पुष्कळ रुंद असतो. बाळंतपणं झालेल्या बायकांना मलासन समजावताना हा फरक दाखवावाच लागतो. म्हणून काही महिन्यांनी स्त्रीच्या कटिराचं पूर्ण मापाचं सुटं मॉडेल घेतलं, मांडीच्या हाडांच्या वरच्या टोकांसह. ज्यांना सगळं शरीर दाखवायचं नाही, एकाच सांध्याबद्दल बोलायचं आहे, त्यांनी लहान सांगाड्याच्या आधी असं पूर्ण मापाचं सुटं मॉडेल पाहावं, हे माझं मत त्यानंतर पक्कं झालं. त्यावर पद्मासनाचा प्रश्नही नीट सुटतो. खुब्याच्या वाटीची खोली, तिचं तोंड किती बाजूला आणि किती पुढे, मांडीच्या हाडाची मान किती फिरलेली, हे प्रत्येक माणसात वेगळं असतं. काहींची मांडी बाहेर वळताना हाडच हाडाला लागतं. तिथे सराव वाढवून उपयोग नाही; जोर केला तर तो गुडघ्यावर जातो. मॉडेल हातात देऊन हे दाखवलं की, वर्षानुवर्षं अर्धपद्मासनात बसणारी माणसं स्वतःवर रागावणं थांबवतात.

नागपुरात असं मॉडेल ठेवायचं तर उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. ही मॉडेल्स पीव्हीसीची असतात, आणि पातळ बरगड्यांना उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत नवतप्याच्या दिवसांत सांगाडा ठेवला तर बरगड्या आत वाकतात. वाकलेली बरगडी गरम पाण्यात थोडा वेळ धरून बोटांनी सरळ करावी आणि तशीच धरून थंड पाण्यात घालावी, आकार राहतो. म्हणून आमचा सांगाडा एप्रिलपासून माझ्या घरी असतो, पण कूलरच्या खोलीत नाही, कारण कूलरच्या दमट हवेने स्प्रिंगा आणि स्क्रू गंजतात आणि गंजाचे ओघळ हाडांवर उतरतात. पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर चुकूनही लावू नये, पृष्ठभाग चिकट होऊन जातो.

सध्या वर्गाची मागणी गुडघ्याची आहे. सांगाड्यात वाटी मांडीच्या हाडाला चिकटवलेली आहे आणि सांध्यातल्या गाद्या दिसतच नाहीत, त्यामुळे वज्रासनाचा प्रश्न अजून अर्धवट राहिला आहे. पूर्ण मापाचा, वाटी वर उचलता येणारा आणि दोन्ही गाद्या वेगळ्या दाखवणारा गुडघा धंतोलीतल्या गोदामात पाहून ठेवला आहे. भाचीची परीक्षा संपली की तिला घेऊन जाणार आहे, आणि घेण्याआधी तो पूर्ण वाकवून वाटी कुठे सरकते ते पाहणार आहे.